फाळका उघडल्यावर : पिंपळगाव, वाशी, भिवंडी, पुणे

शेतकऱ्याचा माल गाडीत चढला की त्याच्या लेखी तो गेला. पुढे अडत्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, येते. तिच्यात भाडं, हमाली, तोलाई, वाराई (माल हाताळण्याचे पैसे) असे रकाने असतात आणि खाली उरलेला आकडा. त्या रकान्यांमागची माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे बघायचं बरेच दिवस मनात होतं. या जानेवारीत आम्ही तिघा शेजाऱ्यांनी मिळून लाल कांदा थेट वाशीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी गाडीबरोबरच निघालो. गाडी पुढे भिवंडीला परतीचा माल भरून पुण्याला जाणार होती. तिथपर्यंत जायचं आणि तिच्याचबरोबर घरी यायचं, असा बेत झाला. ड्रायव्हर सिन्नर तालुक्यातले, साठीला टेकलेले. रस्त्यावर त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणतो.

सोमवार

आमच्या भागातली भराईची टोळी म्हणजे आठ-नऊ जण, सगळे तोंडओळखीचे. कांदा बायकांनी आधीच निवडून ठेवला होता. 50 किलोची पोती भरून, सुतळीने शिवून थप्पीला लागली होती. नाना दुपारी दहाचाकी घेऊन आले. उतरल्याबरोबर त्यांनी फाळका, म्हणजे गाडीच्या मागची झडप, उघडला, थप्पीपर्यंत चालत गेले, परत कॅबिनमध्ये चढले आणि गाडी अजून मागे घेतली. फाळका जवळजवळ थप्पीला टेकला.

टोळीतले सगळ्यात वयस्कर बाबा मला म्हणाले, "ड्रायव्हर जाणता दिसतो." का, तेही त्यांनीच सांगितलं. गाडी चार पावलं लांब लागली तर प्रत्येक पोत्यामागे चार पावलं वाढतात. आमची पोती होती 320, म्हणजे ओझ्यासकट 1280 पावलं, आणि मोकळ्या पाठीने परत यायची तितकीच. ड्रायव्हरला एकदा जास्त गाडी मागे-पुढे घ्यायचा कंटाळा आला, की तेवढं अंतर हमालाच्या मणक्यावर पडतं. मी आजवर किती गाड्या भरताना पाहिल्या असतील, पण गाडी कुठे लागते याकडे या नजरेने कधी बघितलं नव्हतं.

नानांबरोबर क्लीनर नाही. आता बहुतेक गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो, क्लीनरचा खर्च मालकाला परवडत नाही. पूर्वी फाळका, ताडपत्री, रस्सी ही कामं क्लीनरची होती. आता ती ड्रायव्हरने करायची की हमालाने, हे कुठेच ठरलेलं नाही. नाना म्हणाले, गाडी खाली करताना होणारी निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. हमालांना वाटतं ड्रायव्हर झोपा काढतोय. ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून आलेला असतो आणि त्याला वाटतं, उजाडेपर्यंत तरी कोणी उठवू नये.

2018 साली केंद्राने मालगाड्यांची भारमर्यादा वाढवली, तेव्हा दहाचाकीचं एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं. त्या वेळी चर्चा झाली ती डिझेलची, टायरची आणि रस्त्यांची. गाडी तीच राहिली, टोळीही तेवढीच राहिली, पोती मात्र वाढली, हे मला तरी कुठे वाचल्याचं आठवत नाही. बाबांनी ते एका वाक्यात सांगितलं : "कायद्यानं गाडीची ताकद वाढली, आमची कोणी वाढवली?"

अंधार पडल्यावर निघालो. इगतपुरीहून समृद्धी महामार्ग धरला. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कसाऱ्याच्या घाटात पहिल्या गिअरमध्ये रडत उतरणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना बोगद्यातून सरळ जाताना चमत्कार वाटतो. मी तसं बोललो. नाना म्हणाले, "रस्त्यावरचा तास वाचला, खरंय. पण तो माझ्या पदरात नाही पडत. गोदामाच्या दारात जातो."

मंगळवार

मुंब्रा बायपास, शिळफाटा, महापे करत मध्यरात्रीनंतर तुर्भ्यात, म्हणजे वाशीच्या बाजारात, पोचलो. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार 1981 साली मुंबईतून इथे आला. रात्री तिथे गाड्यांची रांग, मधूनच कोणाचा तरी स्टोव्ह, आणि कांद्याचा तो वास, जो आम्हाला घरचाच. नंबरप्रमाणे गाडी गाळ्यासमोर लागली.

पहाटे टोळी आली. अंगात बनियन, डोक्याला टॉवेल, हातात आकडी. बोलण्यावरून साताऱ्याकडचे, बरेचसे जावळी-पाटणचे. इथल्या माथाडींमध्ये तो पट्टा मोठा आहे. अण्णासाहेब पाटील त्याच पाटण तालुक्यातले. त्यांनी उभ्या केलेल्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ठरावीक टक्के जादा रक्कम) माथाडी मंडळात भरतो, मंडळ ती कामगाराला देतं, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचे पैसे येतात. कोपरखैरण्यात माथाडींचं स्वतःचं रुग्णालय आहे. कुणाच्या दारात उभा राहून रोजची हमाली मागणारा माणूस आणि नोंदीत नाव असलेला माणूस यांच्या चालण्यातसुद्धा फरक पडतो. इथे तो दिसला. कोणी नानांकडे चहापाणी मागितलं नाही, कोणी "ओ ड्रायव्हर" असा आवाज दिला नाही. मुकादमांनी विचारलं, "नाना, झोप झाली का? नसली तर पडा आत, फाळका आम्ही उघडतो." नानांनी आधीच उघडला होता.

शेजारच्या गाळ्यावर मात्र आवाज चढला. आग्र्याकडून बटाट्याची गाडी आली होती आणि पोती 50 किलोच्या बरीच वर भरली होती. माथाडींनी दोन पोती पाठीवर घेतली, तिसरं खाली ठेवलं आणि काम थांबवलं. 50 किलोच्या वरचं पोतं उचलायचं नाही, यासाठी या बाजारात पुन्हा पुन्हा काम बंद झालेलं आहे. ती त्यांची बरीच जुनी आणि रास्त मागणी आहे. पण त्या वेळी समोर उभा होता फक्त ड्रायव्हर. पोती भरणारा आग्र्याला, माल मागवणारा अजून यायचा होता. साहजिकच सगळं त्याच्यावर आलं. तो हात जोडून सांगत होता, "बोरी मैंने थोड़ी भरी है, भैया."

तासभर तसंच चाललं. शेवटी आमच्या टोळीचे मुकादम तिकडे गेले, अडत्यांना फोन लावला, जड पोती बाजूला काढून मोकळी करायचं आणि त्याची वेगळी मजुरी अडत्यांनी द्यायचं ठरवून आले. परत आल्यावर मी त्यांना म्हटलं, त्या बिचाऱ्या ड्रायव्हरची काय चूक? ते म्हणाले, "चूक न्हाय त्याची. पण त्याला घाई असती, आमाला पाठ असती. दोघं बी खरंच बोलत्यात. खोटा जो हाय तो हितं येतच न्हाय."

आमची गाडी दहाच्या आत खाली झाली. कांद्याचा भाव काय मिळाला ते लिहीत नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

बुधवार

भिवंडी. इथल्या कुठल्या गोदामात गेलो ते सांगणार नाही, कारण नाना म्हणतात तसं, "एकाचं नाव घेतलं की बाकीचे सज्जन होतात." मानकोली, दापोडे, पूर्णा, वळ या गावांच्या भाताच्या शेतांवर गेल्या काही दशकांत पत्र्यांचा समुद्र उभा राहिला आहे. आपण फोनवर बोट ठेवतो आणि दाराशी खोका येतो, त्यातले कितीतरी खोके इथून निघतात.

आम्हाला सकाळी नऊची वेळ दिली होती. साडेआठला फाटकावर कागद दिले. लायसन्स, विमा, पीयूसी, फिटनेस. टोकन मिळालं. मग गाडी रस्त्याच्या कडेला लावून थांबायचं. फाटकाच्या आत स्वच्छतागृह होतं, पण ड्रायव्हरला आत सोडत नव्हते. बाहेर नव्हतंच. नळ एक, तोही सुरक्षारक्षकांच्या खोलीमागे, विचारून जायचं. आमच्या पुढे दहा-बारा गाड्या होत्या. राजस्थानचा एक पोरगा आदल्या संध्याकाळपासून होता. त्याने कॅबिनमध्ये भाजी शिजवली आणि आम्हाला आग्रहाने वाढली.

सकाळ गेली, दुपार गेली. मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 साली केंद्राने कायदा केला, 2025 मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला. त्या कायद्यात दिवसाला आठ तास काम सांगितलं होतं. पण कामाचे तास कसे मोजायचे ते वाचलं तर अडखळायला होतं. मुक्कामाच्या ठिकाणी नुसतं हजर राहण्याचा वेळ त्यात धरला होता, पण तो 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तरच. त्याहून लांबलं की ते काम धरलं जात नव्हतं. ज्याने कोणी हे लिहिलं, त्याला कदाचित वाटलं असेल की एवढा वेळ मिळाला म्हणजे माणूस विश्रांती घेईल. त्याने इथे रस्त्याच्या कडेला, टोकन पुकारलं जाईल म्हणून कान देऊन, लघवीला कुठे जावं या विचारात बसून बघायला हवं होतं. मालाला कागद आहे. ई-वे बिल 200 किलोमीटरमागे एक दिवस चालतं, म्हणजे मालाने किती वेळ रस्त्यावर राहावं याची सरकारला काळजी आहे. दारात थांबलेल्या ड्रायव्हरच्या वेळेचं बिल कोणी फाडत नाही. "हॉल्टिंग", म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे पैसे, हा शब्द सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना ठाऊक आहे. ते मालवाल्याकडून निघालं तरी गाडीमालकापर्यंत येतं, नानांपर्यंत नाही.

चारच्या पुढे टोकन लागलं. आत गेल्यावर नवीन नियम. गाडीची चावी जमा, चाकाखाली ठोकळा, पायात बूट, अंगात चकाकतं जाकीट. हे नियम चांगले आहेत आणि त्यामागे जीव गेलेले आहेत. माल भरत असताना गाडी हलली आणि माणूस फाळका आणि माल चढवायचा धक्का यांच्यामध्ये चिरडला, असं होतं. त्याबद्दल नानांची काहीच तक्रार नव्हती. तक्रार पुढची होती. ड्रायव्हरने धक्क्यावर यायचं नाही, पिवळ्या रेघेच्या मागे थांबायचं. तिथून गाडीच्या आत काय चाललं आहे ते दिसत नाही. किती खोकी चढली ते मोजता येत नाही. पण कागदावर "माल मोजून मिळाला" म्हणून सही ड्रायव्हरचीच, आणि पुण्यात दोन खोकी कमी निघाली तर पैसे कापायचे ते त्याच्याच भाड्यातून. बघायची बंदी आणि जबाबदारी पुरी. या एका गोष्टीने मला जितका संताप आला, तितका दिवसभराच्या थांबण्याने आला नव्हता.

माल भरणारी पोरं वीस-बावीस वर्षांची, काही झारखंडची, काही आपल्या नांदेड-परभणीकडची. सगळी ठेकेदाराची. नगामागे पैसे, आणि हातात टॅब घेतलेला सुपरवायझर त्यांच्या मागे. एक जण रेघेपाशी आला आणि हळूच म्हणाला, "अंकल, खर्चापाणी." नानांनी नेहमीसारखे पैसे काढून दिले. मी चिडून विचारलं, का देता? वाहतूकदार इतकी वर्षं ओरडून सांगतायत, ज्याचा माल त्याचा हमाल. भराईचे पैसे मालवाल्याने द्यायचे, ड्रायव्हरने नाही. नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ, घोषणा बरोबर आहे. पण नाही दिले तर खोकी अशी लावतात की पहिल्या खड्ड्यात थर कोसळतो. आणि त्या पोराला तरी कोण देतं? ठेकेदार त्याचे कापतो, तो माझे कापतो."

मग जे झालं ते मी मुद्दाम लिहितो आहे. खोकी चढायला लागली, आणि परभणीकडचा एक पोरगा दर दहा खोक्यांना मोठ्याने ओरडायला लागला. "धा!" "ईस!" "तीस!" सुपरवायझरने एकदा वळून बघितलं. तो ओरडतच राहिला. नानांनी खिशातून खोक्याचा फाटका पुठ्ठा काढला आणि प्रत्येक हाकेला पेनाने रेघ मारली. शेवटी नानांचा आकडा आणि टॅबचा आकडा जुळला, तेव्हा त्यांनी सही केली. निघताना नानांनी त्या पोराकडे बघून फक्त मान हलवली. त्याने उरलेल्या चिकटपट्टीचा बोळा करून डब्यात टाकला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

खर्चापाणी मागणाऱ्यांत तो पोरगाही होता. त्याला चांगला किंवा वाईट ठरवून मोकळं होता येत नाही. त्याच्या हातात आवाज सोडून दुसरं काही नव्हतं, तो त्याने नानांना दिला.

रात्री द्रुतगती मार्गाने निघालो. घाट चढताना नाना बोलत होते, कुठल्या शहरात कुठलं गोदाम कसं. कुठे ड्रायव्हरसाठी पंखा आणि बाकडी असलेली खोली आहे, कुठे वेळ दिली की त्याच वेळेला गाडी लागते, कुठे अंघोळीला पाणी मिळतं. अशी गोदामं आहेत, आणि त्यांचं नाव सांगताना नाना खुलून बोलतात. ड्रायव्हरांच्या फोनवर हे सगळं फिरत असतं. दिवसा जड गाड्यांना शहरात मनाई, म्हणून रात्रीच मार्केट यार्डाच्या जवळ जाऊन झोपलो.

गुरुवार

पुण्याच्या भुसार बाजारातले हमाल हमाल पंचायतीचे. डॉ. बाबा आढाव यांनी उभी केलेली ही संघटना. 1974 साली तिने "कष्टाची भाकर" सुरू केली, कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात जेवण. सकाळी तिथे झुणका-भाकरी खाल्ली. बाजूला हमाल, रिक्षावाले, आमच्यासारखे गाडीवाले एकाच बाकावर. भिवंडीच्या दिवसानंतर तिथे बसून खाताना बरं वाटलं, एवढंच म्हणतो.

गाळ्यावर गाडी लागली, माल उतरू लागला. शेवटच्या थरात तीन खोकी निघाली, कोपरे दबलेले, आतून तेल पाझरलेलं. मुनीमजींनी पोचपावती पुढे ओढली आणि लिहायला सुरुवात केली, "गाडीत नुकसान". नानांचा चेहरा उतरला. पावतीवर ते दोन शब्द पडले की तेवढे पैसे गेले, वर गाडीमालकाशी वाद.

"थांबा मुनीमजी." खोकं उतरवणाऱ्या हमालाने ते तसंच हातात धरलं होतं. पन्नाशीचा असेल. त्याने खोकं उलटं केलं. "ही चिकटपट्टी बघा. मूळची पट्टी छापील आहे, ही साधी आहे. खोकं आधीच फुटलेलं, कोणीतरी चिकटवून वर माल लादलाय. पट्टीच्या आतल्या बाजूला तेल सुकलंय. रात्रीच्या प्रवासात तेल सुकत नाही."

मुनीमजी म्हणाले, "तुला काय करायचंय? तू खाली कर."

"खालीच करतोय. पण माझ्या हातातून गेलेल्या मालाबद्दल चुकीचं लिहू नका."

दुसरे दोघे हमालही काम थांबवून जवळ आले. कोणी काही बोललं नाही. मुनीमजींनी खोकं उलटसुलट बघितलं, फोनवर फोटो काढून भिवंडीला पाठवले आणि पावतीवर लिहिलं, "3 खोकी भरतानाच नादुरुस्त". नानांनी पोच घडी घालून खिशात ठेवली.

मी त्या हमालदादांना बाजूला घेऊन विचारलं, रोज ज्याच्याकडे काम करायचं त्या माणसासमोर असं बोलायला भीती नाही वाटत? ते म्हणाले, "दर पंचायतीनं ठरवलेला, काम टोळीचं. मुनीम मला उद्या नको म्हणाला तर त्याला सगळ्या टोळीला नको म्हणावं लागेल."

भिवंडीतला पोरगा आणि हे दादा, दोघांचं मन सारखंच असेल. पण त्या पोराला नुसता आकडा ओरडायलाही सुपरवायझरची नजर झेलावी लागली, आणि हे दादा मालवाल्याला थांब म्हणू शकले. मी या प्रवासात जे शोधत होतो ते इथे हाती लागलं असं मला वाटतं. हमालाच्या पायाखाली जमीन असली, तर ती ड्रायव्हरलाही आधार देते. त्याला उद्याची खात्री नसली की तो ड्रायव्हरच्या खिशात हात घालतो, कारण त्याच्यापेक्षा कमजोर असा समोर तो एकच असतो. नुसतं "माणुसकीने वागा" असं फलकावर लिहून हे बदलणार नाही.

शुक्रवार

चाकणहून नाशिकला यंत्राच्या सुट्या भागांच्या पेट्या मिळाल्या. कारखान्यात वेळ दिली होती, त्याच वेळेला क्रेनने पेट्या ठेवल्या, अर्ध्या-पाऊण तासात बाहेर. मोठं, स्वच्छ स्वच्छतागृह. लिहायला फारसं काही नाही, आणि असंच असायला हवं.

एक गोष्ट मात्र नानांनी वाटेत सांगितली, ती लपवणं बरोबर होणार नाही. औद्योगिक पट्ट्यांमध्ये माथाडीच्या नावाने पावतीपुस्तकं घेऊन फिरणारे टोळके आहेत. पेटी उचलायला कोणी नाही, वाराई घ्यायला मात्र चार जण. ड्रायव्हर तक्रार करतात, कारखानदार करतात आणि खरे माथाडी सगळ्यात जास्त करतात, कारण बदनामी त्यांच्या घामाची होते. कायदाच मोडीत काढा म्हणणारे याच टोळक्यांकडे बोट दाखवतात. मुंबई-पुण्याच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांना त्यांच्या रांगेत बसवणं हा मोठा अन्याय आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये लेव्हीच्या कपातीवरून नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले, तेव्हा आमचंही नुकसान झालं. त्या वेळी गावात हमालांना शिव्या देणारे पुष्कळ होते. लेव्ही कोणी भरायची हा वाद होता, हमालाने ती मागू नये असा नव्हता.

संध्याकाळी नाशिकला पेट्या उतरवल्या आणि नानांनी मला पिंपळगावला सोडलं.

पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांचा उरलेला कांदा गेला. बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, करताना मी हुंडेकऱ्यांना, म्हणजे गाडी ठरवून देणाऱ्यांना, सांगितलं, यावर लिहा : भराई व उतराई मालमालकाकडे, ड्रायव्हरकडून काही घेऊ नये, चार तासांच्या वर थांबल्यास हॉल्टिंग ड्रायव्हरला. ते म्हणाले, "भाऊ, बिल्टीवर असं कोणी लिहीत नाही." शेजारी आधी कुरकुरले, भाड्यात किती फरक पडेल ते त्यांनी विचारलं, मग हो म्हणाले. हुंडेकऱ्यांनी पेन घेतलं आणि मागच्या बाजूला, जिथे जागा होती तिथे, ते लिहून दिलं.